रमणाश्रमात ध्यानाला बसायचं कुठे? बाहेर!

तमिळनाडूतल्या तिरुवन्नामलैला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न हाच येतो, तिथे शिबिर किती दिवसांचं असतं आणि फी किती? तर तिथल्या रमण महर्षींच्या आश्रमात, म्हणजे रमणाश्रमात, असलं काहीच नाही. शिबिर नाही, गुरुजींचं लेक्चर नाही, डोळे मिटा श्वासाकडे बघा असं सांगणारं कोणी नाही. जेवणाची वेळ, पूजा, वेदपठण आणि तमिळ पारायण एवढंच काय ते ठरलेलं, बाकी दिवस तुमचा. माझी मावशी इगतपुरीला विपश्यना करून आलेली, तिथे सगळं घड्याळावर, त्यामुळे तिला हे आधी पटेचना. "अगं मग दिवसभर करायचं काय?" म्हटलं मावशी, बसायचं, आणि कुठे बसायचं ते आपणच शोधायचं.

मला तर वाटतं या आश्रमाचा खरा ध्यानाचा हॉल म्हणजे मागचा अरुणाचल डोंगरच. रमण जिथे कोचावर बसायचे तो ओल्ड हॉल आहे, समाधीचा मोठा हॉल आहे, दोन्हीकडे बसले, छान वाटतं, खोटं नाही बोलणार. पण मुळात ही सगळी गोष्ट उघड्यावरच सुरू झालीय ना. सोळा वर्षांचा मुलगा मदुराईचं घर सोडून 1 सप्टेंबर 1896 ला इथे पोचला, आधी देवळात राहिला, मग 1899 पासून 1916 पर्यंत डोंगरावरच्या विरूपाक्ष गुहेत, मग 1922 पर्यंत थोडं वर स्कंदाश्रमात. त्या वर्षी मे महिन्यात आई गेली, तिची समाधी डोंगराच्या पायथ्याला बांधली, रमण तिच्या दर्शनाला वरून खाली यायचे आणि एक दिवस परत वर गेलेच नाहीत. आजचा आश्रम त्या समाधीभोवती उभा राहिला. खाली आल्यावरही त्यांचं डोंगरावर फिरणं शेवटच्या काही वर्षांपर्यंत चालूच होतं. गुरू कोण असं विचारलं तर ते या डोंगराकडेच बोट दाखवायचे, मग आपण तिथे जाऊन नुसत्या फॅनखाली बसायचं हे काही मला पटत नाही.

गेटमधून आत आलं की समोरच्या अंगणात एक प्रचंड झाड आहे, तिकडे त्याला इलुप्पै म्हणतात, म्हणजे आपला मोह. खूप जुनं आहे. त्याच्या सावलीत कायम कोणी ना कोणी बसलेलं असतं, कोणी जपमाळ घेऊन, कोणी नुसतंच. मोर तर इतके की छपरावर, भिंतीवर, कुठेही, आणि ओरडले की जीव दचकतो. मावशीला आधी त्रास झाला त्या आवाजाचा, शांतता म्हणून इथे आलो आणि हे काय, पण दुसऱ्या दिवशीपासून ती त्याबद्दल बोललीच नाही. माकडंही आहेत, पिशवीत केळं असेल तर ते तुमचं नाही असंच समजा.

आवारात मागच्या बाजूला लक्ष्मी गाईची समाधी आहे. रमणांची फार लाडकी होती ती, 1948 मध्ये गेली, आणि तिला मुक्ती मिळाली असं खुद्द रमणांनी तमिळ श्लोकात लिहून ठेवलंय. वर दगडाची गाय. शेजारी वल्ली नावाच्या हरणीची, जॅकी कुत्र्याची आणि एका कावळ्याचीसुद्धा समाधी. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतात, पण कावळ्याची समाधी मी पहिल्यांदाच बघितली. एक म्हातारे गृहस्थ तिथे रोज येऊन लक्ष्मीच्या कपाळावर एक फूल ठेवायचे, दगडी शिंगावरून हात फिरवायचे, अगदी खऱ्या गाईला खाजवतात तसा, आणि मग बाजूला मांडी घालून डोळे मिटायचे. मी रोज त्या वेळेला मुद्दाम तिथे जायला लागले. देवळात इतकी वर्षं नमस्कार करतेय पण असं आतून हललेलं मला आठवत नाही.

मागच्या गेटमधून स्कंदाश्रमाची वाट सुरू होते. दगड बसवलेली चांगली वाट आहे, अर्धा-पाऊण तास लागतो, बरेच जण अनवाणी चढतात. सकाळी लवकर ठीक, पण नंतर दगड असे तापतात की पाय टेकवत नाही. वाटेत मऊ दगडातून मूर्ती कोरणारे स्थानिक लोक बसलेले असतात, पायाच्या बोटांत दगड धरायचा आणि छोट्या हत्याराने खरवडत राहायचं, पांढरी भुकटी सगळ्या मांडीवर. त्यांच्यातल्या एकाशेजारी मी बराच वेळ बसले, तो काही बोलला नाही मीही नाही, भाषाच येत नव्हती एकमेकांची, त्याच्या हातात हळूहळू गणपतीची सोंड आली.

स्कंदाश्रमाच्या थोडं खाली एक मोठा कातळ आहे, तिथून अख्खं गाव आणि अरुणाचलेश्वराचं देऊळ दिसतं, चौकोनी प्राकार, नऊ गोपुरं, पूर्वेचं सगळ्यात उंच अकरा मजल्यांचं. खालून गाड्यांचे हॉर्न, देवळातला स्पीकर, सगळं वर ऐकू येतं. तरी इथे मन जितकं पटकन बसतं तितकं मला घरी दार लावूनही बसत नाही, का ते विचारू नका. तिथून खाली विरूपाक्ष गुहेकडे खडी उतरण आहे. गुहेत आत फार उकडतं, मावशी पाच मिनिटांत बाहेर आली आणि अंगणात सावलीला जी बसली ती तासभर उठलीच नाही. उन्हाळ्यात इथे पाणी नसायचं म्हणून रमण जवळच्या आंब्याखालच्या गुहेत राहायला जायचे म्हणतात. त्यामानाने स्कंदाश्रमात झरा आहे, नारळाची झाडं आहेत, गारवा आहे.

आज वाटेवर जी सावली मिळते ती आपोआप आलेली नाही. हा डोंगर मध्यंतरी जवळजवळ बोडका झाला होता. उन्हाळ्यात गवत पेटतं आणि लहान रोपं जळून जातात, तरी वर्षानुवर्षं लोकांनी रोपं लावली, पाणी वाहून नेलं, आगी विझवल्या. 2024 च्या डिसेंबरमध्ये फेंगल वादळाच्या पावसात याच डोंगराच्या उतारावर दरड कोसळून एका घरातली सात माणसं गेली. इतक्या पवित्र डोंगराच्या अंगावर घरं अशी वर वर चढत जाताना बघून खरंच वाईट वाटतं. आपण पाहुणे म्हणून जातो तर निदान बाटल्या आणि रॅपर परत खाली आणावेत, मोबाईलवर गाणी लावू नयेत, एवढं तरी करूच शकतो.

गिरिवलम म्हणजे डोंगराची 14 किलोमीटरची प्रदक्षिणा. नऊ महिने भरलेली राणी चालेल तसं सावकाश चाला असं तिथे सांगतात. पौर्णिमेला लाखांनी गर्दी असते, ज्यांना तो उत्साह हवाय त्यांनी जरूर जावं, पण शांत चालायचं असेल तर साधा दिवस धरा आणि पहाटे अंधारात निघा. आम्ही तसंच केलं.

जायचं तर चेन्नईहून बस मिळते, चार-पाच तास. आश्रमात राहायला आधी मेल करून परवानगी घ्यावी लागते, ठरावीक दर नाही, जमेल तशी देणगी, पण खोल्या कमी आणि मागणी भरपूर, तर खूप आधी लिहा. जेवण पत्रावळीवर, जमिनीवर बसून, सांबार-भात-ताक, पोटभर. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. डोंगराची वाट संध्याकाळी बंद करतात तेव्हा वर जाताना वेळ विचारून घ्या, आणि गुडघे दुखत असतील तर विरूपाक्षपर्यंत न उतरता स्कंदाश्रमाहूनच मागे फिरा, मावशीचे दोन दिवस दुखत होते.