रेडिएटरच्या फॅनची मोटर ठणठणीत होती हो!

मोकळ्या रस्त्यावर गाडी शांत, पण ट्रॅफिकमध्ये थांबली की तापमानाचा काटा चढायचा. वेगात समोरचा वारा रेडिएटर गार ठेवतो, थांबल्यावर सगळी भिस्त फॅनवर. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, फॅन फिरत नाही एवढं पाहिलं आणि ‘मोटर गेली, बदलावी लागेल’ म्हणून मोकळा झाला. हातात व्होल्टेज मोजायचा मीटर नाही, काही नाही! अजून आठवलं की चिडचिड होते.

फ्यूज शाबूत होता. थर्मोस्विच म्हणजे इंजिन तापलं की फॅन सुरू करणारा स्विच. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या (जुन्या दोन पिनांच्या स्विचलाच हे चालतं). फॅन फिरला तर स्विच गेलाय असं समजायचं. माझ्याकडे रिले (थर्मोस्विचच्या इशाऱ्यावर फॅनला करंट जोडणारा स्विच) ‘टक’ वाजला, फॅन ढिम्म. बॅटरीवरून मोटरला थेट सप्लाय दिला, तर भर्रकन फिरला. झाली की नाही मोटर निर्दोष?

खरा घोळ पुढेच. रिले ओढलेला, म्हणजे चालू असताना मोटरचा सॉकेट काढून त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला, तर चक्क 12 व्होल्ट. सॉकेट परत बसवला की फॅन गप्प. करंट येतोय, मोटर चांगली, मग अडतंय कुठे? मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. लोड पडला, म्हणजे मोटर करंट खेचू लागली, की तेच व्होल्टेज त्या जोडावर खर्ची पडतं. म्हणून सॉकेट लावलेलाच ठेवला, मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्ह बाजूच्या) पिनला मागून टेकवलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. माझ्याकडे जवळपास सगळे 12 तिथेच अडकलेले! हेडलाइटमागे बॉडीला कसलेला अर्थचा बोल्ट गंजून गेला होता. पॉलिश पेपरने घासला, वायरच्या टोकाचं थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) नवं लावलं, वरून पेट्रोलियम जेली. नवी मोटर टाकली असती तर तीही तशीच बसून राहिली असती.

मीटर नसेल तर रिले ओढलेला असताना इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब मोटरच्या त्या सॉकेटला लावून बघा. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर आधी वायरिंग आणि अर्थ तपासा. आणि हो, हे सगळं करण्याआधी कूलंट भरलेलं आहे ना ते पाहा, अर्थात इंजिन गार असताना. पातळी उतरली तर थर्मोस्विच हवेत राहतो आणि फॅनला वेळेवर हुकूमच जात नाही. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा पात्यांजवळ हात घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा.