आमची वाटचाल : तीन खोल्या आणि निळी ताडपत्री

२०१४ साली मागची पडवी बंद करून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा बाबा म्हणाले, "समुद्र बघायला पैसे कोण देणार?" दोन वर्षांनी तिसऱ्या खोलीसाठी गवंडी त्यांनीच आणला. हर्णैचा मासळी लिलाव, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती आणि आईच्या हातचे उकडीचे मोदक, एवढ्या भांडवलावर आमचं बरं चाललं होतं.

मग मार्च २०२०चं लॉकडाऊन. त्यातच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या. त्या तोडून बाहेर काढेपर्यंत जुलै संपला. गणपतीला आलेल्या माझ्या सख्ख्या चुलतभावाला गावाने दहा दिवस शाळेत ठेवलं होतं. अशात मी परके पाहुणे बोलावणार म्हटल्यावर वाडीची बैठक बसली. त्यांचंही चुकत नव्हतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांचं गाव आमचं.

सप्टेंबरात ई-पासची अट गेली. मी सॅनिटायझरचे कॅन आणले, ताप मोजायची बंदूक घेतली, 'आपली सुरक्षा, आमची जबाबदारी' असा फलक लॅमिनेट करून दारावर लावला. फोन मात्र वाजेना.

दिवाळीनंतर पुण्याहून एका मुलीचा फोन आला. घरून काम करून कंटाळलेली. समुद्राचं नावही नाही. "दादा, आधीचे पाहुणे कधी गेले? बाथरूम कॉमन आहे का? रात्री ताप चढला तर दापोलीपर्यंत गाडी मिळेल?" शेवटी म्हणाली, व्हिडिओ कॉल करून दाखवा.

मी फोन हातात धरून घरभर फिरलो. तिसऱ्या खोलीत आढ्याला अजून निळी ताडपत्री होती. मी कॅमेरा चटकन खाली केला. "ते काय होतं वर?" तिने विचारलंच. दाखवावं लागलं. "गळतं?" "पावसात गळायचं. आता पाऊस कुठाय?" गाडीचं म्हणाल तर शेजारच्याची रिक्षा आहे, पण रात्री तो दारू प्यायलेला नसेल तरच, हेही सांगून टाकलं. बायको पलीकडून डोळे वटारत होती. त्या तिघी मैत्रिणी आल्या, चार दिवस राहिल्या आणि ताडपत्रीचीच खोली मागून घेतली.

बाविशी-पंचविशीतल्या पोरांना तेव्हा लोक बेफिकीर म्हणायचे. मला तसं दिसलं नाही. स्वतःच्या दुखण्याची त्यांना फारशी पर्वा नव्हती हे खरं, पण घरच्या आजीला आपल्यामुळे बाधा होईल आणि अनोळखी गावात आपण अडकून पडू, या दोन गोष्टींची धास्ती होती. नेटवर लोकांनी दिलेले जुने स्टार, जुनी कौतुकं ती वाचत नसत. गेल्या आठवड्यात राहून गेलेल्याला शोधून मेसेज करत. आमची खरी जाहिरात त्या मेसेजमध्ये होती, आणि ती माझ्या हातात नव्हती.

जानेवारी २०२२मध्ये, ओमायक्रॉनच्या लाटेत, आमच्याकडे भाकऱ्या करायला येणारी वहिनी पॉझिटिव्ह आली. शनिवारच्या तिन्ही खोल्या भरलेल्या. "कुणाला कळणारे?" असं आमच्या घरातच एक जण म्हणाला, नाव घेत नाही. मी तिघांनाही फोन केले, पैसे परत केले आणि दहा दिवस दार लावलं. एक जण चिडला. त्याने रजा टाकली होती. दुसरा म्हणाला, "मी चार ठिकाणी विचारलं. सगळीकडे 'आमच्याकडे काही नाही' हेच ऐकलं."

तो फेब्रुवारीत आला, आईवडिलांना घेऊन. त्याच्या आईचे प्रश्न वेगळेच होते: गरम पाणी किती वाजता, पायऱ्या किती, कोलीम (बारीक मासळी) मिळेल का.

आता तापाबद्दल कुणी विचारत नाही, नेटवर्कबद्दल विचारतात. दापोलीच्या डॉक्टरांचा नंबर मी तरीही बुकिंगच्या मेसेजमध्ये पाठवतो. रिक्षावाल्याने दारू सोडली. तो लॅमिनेट केलेला फलक मे महिन्यात आई खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालते, तेव्हा वाऱ्याला आडोसा म्हणून लावते.