वन्संची किडनी आणि माहेरचं नाव

किडनी ट्रान्सप्लांट म्हटलं की सगळे ऑपरेशनचंच विचारतात, किती तास लागले, वन्संना फार दुखलं का, खर्च किती आला. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, झालं, त्यात मी काय सांगणार. माझं डोकं फिरलं ते कागदपत्रांच्या फाईलपायी, आणि अजून तो विषय निघाला की फिरतं.

आमच्या ह्यांच्या किडन्या बीपीने गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. माझा ब्लड ग्रुप बी आणि ह्यांचा ओ, म्हणजे मी पहिल्याच दिवशी बाद. स्वॅपचं विचारून पाहिलं, म्हणजे आपल्यासारखंच अडलेलं दुसरं कुटुंब शोधून डोनरची अदलाबदल, कायद्यात बसतं ते, पण ओ ग्रुपच्या पेशंटला जोडी लवकर सापडत नाही म्हणाले. सासूबाईंना शुगर. तेव्हा वन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण, फोनवर म्हणाल्या, "माझी तपासा की, माझा ओच हाय." एचएलए, म्हणजे पेशींवरच्या खुणा, अर्धं जुळलं (सख्ख्या भावंडात पूर्ण जुळायचा चान्स चारात एक असतो, अर्ध्यावरही काम होतं), क्रॉसमॅच निगेटिव्ह आली, म्हणजे ह्यांचं रक्त वन्संच्या पेशींवर उठत नव्हतं, किडन्या किती काम करतात ते बघायचा डीटीपीए स्कॅन, त्यांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ सगळं नीट. आम्ही खूश. १९९४ च्या कायद्यात सख्खी बहीण जवळच्या नातेवाईकात धरलीय, मग अडचण कसली?

अडचण अशी की वन्संचं शाळेतलं नाव बेबी. पुढे वडिलांचं नाव, आडनाव माहेरचं. लग्न १९९२ चं, तेव्हाच्या पद्धतीने मांडवातच नाव बदललं आणि त्या सुमन झाल्या, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आधार, पॅन, मतदान कार्ड, रेशन कार्ड सगळीकडे सुमन. जन्माची नोंद कुणी केलीच नव्हती. हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमनी शाळेचा दाखला एका हातात आणि आधार दुसऱ्या हातात धरला आणि म्हणाल्या, "ह्या दोन बायका आहेत. एकच आहे हे कागदावर दाखवा."

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. २०२२ मध्ये पुण्यात एका बाईला पेशंटची बायको म्हणून उभं केल्याचं प्रकरण गाजलं होतं, तेव्हापासून सगळे ताक फुंकून पितात, आणि डोनर बाई असली की तिच्यावर घरच्यांनी जबरदस्ती केली नाही ना हे जास्त बारकाईने बघा असं नियमातच आहे. पण तिकडे डायलिसिसच्या खुर्चीत माणूस सुकत चाललाय आणि आपण इकडे बेबी म्हणजेच सुमन हे सिद्ध करत फिरतोय, तेव्हा हा शहाणपणा सुचत नाही.

मग मॅरेज सर्टिफिकेट आणा. लग्नाची नोंद नव्हती. उशिरा नोंद करता येते म्हणून वन्संच्या सासरी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक कधी मीटिंगला, कधी तालुक्याला. एकदाचे भेटले तर फॉर्मवर तीन साक्षीदार हवेत आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही हवी. भटजी वारून जमाना झाला. तसं सांगितलं, तर ग्रामसेवक भाऊसाहेब शांतपणे म्हणतात, मग त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडा. मी भर ऑफिसात म्हणाले, दादा, नवरा माझा आजारी आहे, भटजींच्या वारसांना कुठं शोधू? शेवटी तालुक्याहून वकिलाचं ॲफिडेव्हिट करून दिलं तेव्हा ते फॉर्म ठेवून घ्यायला तयार झाले, बघतो म्हणाले. बघतो म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे. मधल्या काळात कुणी सांगितलं नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट करा, तेही पैसे भरून अर्ज टाकला. कुणी म्हणालं डीएनए करा.

सुटलं कशावर? जमिनीवर. सासरे गेल्यावर वन्संनी ह्यांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. सासूबाईंच्या ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच्यावर एक जुनं कॅलेंडर घडी घालून ठेवलेलं. रजिस्टर्ड दस्त, त्यात स्वच्छ लिहिलेलं, बेबी उर्फ सुमन, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, खाली भावाबहिणीचे फोटो आणि अंगठे. शिवाय तलाठ्याकडच्या फेरफारात वारस म्हणून दोघांची नावं एकाखाली एक. कोऑर्डिनेटर मॅडमनी तो दस्त वाचला आणि पहिल्यांदा हसल्या. म्हणून सांगते, लेकीबाळींचं लग्नानंतर नाव बदललं असेल तर शाळा आणि आधारच्या मागे लागण्याआधी घरचे जमिनीचे कागद काढा. जमिनीच्या कामात आपले लोक नावात हयगय करत नाहीत.

(जमीनही तिनेच सोडली आणि किडनीही तिचीच, हे मला तेव्हा बोचलं, आणि मी ह्यांना तोंडावर बोलूनही दाखवलं.)

ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या कमिटीसमोर मुलाखत होते, तिचं व्हिडिओ शूटिंग करतात. वन्संना विचारलं, किडनीच्या बदल्यात काही मिळणार आहे का? तर ह्या म्हणतात, "साडी." मला घामच फुटला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग वन्संच म्हणाल्या, "भाऊबीजेची वो. दरसाल घेतोय, औंदा काय चुकवतोय व्हय?" दाजींनाही वेगळं बोलावून विचारलं, त्यामुळे डोनरच्या नवऱ्याला आधी सगळं समजावून न्या, तिथे गेल्यावर गडबडायला नको.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं, वन्संची डावी किडनी घेतली. ह्यांच्या जुन्या किडन्या आतच ठेवतात, नवी खाली पोटाच्या बाजूला बसवतात, हे आमच्या अर्ध्या नातेवाईकांना अजून पटलेलं नाही. लघवी टेबलावरच सुरू झाली असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

आठवतंय तसं सांगते. टॅक, म्हणजे टॅक्रोलिमस, ही शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनची गोळी; तिच्या लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, गोळी घेऊन गेलात तर फेरा फुकट. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या हाताला बीपीचा पट्टा लावू देऊ नका, नर्स बदलली की परत सांगा. मेडिक्लेममध्ये डोनरचा खर्च धरलाय का ते लेखी विचारा. महात्मा फुले योजनेत किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखावरून साडेचार लाख केलीय, पण हॉस्पिटल यादीतलं हवं आणि ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं.

आणि डोनरला विसरू नका. पेशंटच्या मागे सगळे धावतात, डोनर घरी गेली की संपलं. वन्संचं बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन दर वर्षी तपासायचं असतं, त्याची तारीख मी माझ्या मोबाईलमध्ये लावलीय कारण त्या स्वतःहून जाणार नाहीत. आणि ते मॅरेज सर्टिफिकेट, ते अजून मिळालेलं नाही. भाऊसाहेबांची बदली झाली म्हणे.