'पंखा लाव' ऐकणारं घर: नोंद चौथी

हॉलमधले तिन्ही स्मार्ट बल्ब अखेर काढून टाकले. आई झोपायला जाताना सवयीनं भिंतीवरचं बटण बंद करते. बल्बचा करंटच गेला की मग स्पीकरसमोर घसा कोरडा करा, काही होत नाही. शिवाय रात्री लाईट जाऊन आली की तिन्ही बल्ब लख्ख पेटायचे. ही भानगड सेटिंगमध्ये सुटते, करंट परत आल्यावर आधीच्याच स्थितीत राहायला सांगता येतं. बटणाची मात्र सुटत नाही, आणि बहात्तराव्या वर्षी आईनं बटणाला हात लावू नये असं सांगायला मी काही जाणार नाही. तेव्हा बल्ब साधेच ठेवायचे आणि अक्कल बटणामागे बसवायची असं ठरलं.

बटणामागे म्हणजे बोर्डाच्या आत रिले, म्हणजे हबच्या किंवा फोनच्या हुकमावर करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच. वायफायवाले स्वस्त पडतात, वेगळा हब (सगळ्या उपकरणांना हुकूम देणारी मधली पेटी) लागत नाही. पण जवळजवळ सगळे 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात, आणि घरात असे वीस-पंचवीस झाले की साधा राउटर दमतो. मी झिगबी घेतले, म्हणजे वायफायऐवजी स्वतःचं बिनतारी जाळं करणारे, ज्यात एक उपकरण दुसऱ्याचा सिग्नल पुढे देतं. हब म्हणून रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर, त्याला झिगबीचा डोंगल (यूएसबीत खोचायचा रेडिओ). डोंगल थेट यूएसबी 3च्या पोर्टात खुपसू नका, त्या पोर्टचा गोंगाट नेमका 2.4मध्येच येतो, हातभर एक्स्टेन्शन केबल लावली की फरक कळतो.

"मॅटर का नाही?" हे विचारलं जाणारच. मॅटर म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून केलेलं सामायिक मानक. मॅटरचं पहिलं व्हर्जन ऑक्टोबर 2022मध्ये आलं, त्यात दिवे, प्लग, कुलपं, पडदे होते. पंखा हा स्वतंत्र प्रकार म्हणून आला 1.2मध्ये, ऑक्टोबर 2023ला. आपल्याकडे घराची सुरुवातच पंख्यापासून होते, त्यामुळे खोक्यावरचा शिक्का बघून हुरळून जाण्याआधी दोन गोष्टी तपासा: उपकरणाचा तो प्रकार तुमच्या स्पीकरला कळतो का, आणि मॅटर थ्रेडवरचं (थ्रेड म्हणजे झिगबीसारखंच आणखी एक बिनतारी जाळं) असेल तर ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटर घरात आहे का. दुसरी गोष्ट विसरून एक सेन्सर आणला होता, तो अजून खोक्यातच आहे.

आता बोर्ड. आमची इमारत 1996ची. वायरमननं स्क्रू काढून पत्रा पुढे ओढला तर आत सगळ्या वायरी लालच, एक सोडून, आणि ती एकसुद्धा मधे जोडून पुढे लाल झालेली. टेस्टर लावत लावत तो म्हणाला, "ताई, यात न्यूट्रलच नाही. नुसती फेज आलीये आणि स्विचवरून वर गेलीये." न्यूट्रलशिवाय चालणारे रिले मिळतात, पण ते जिवंत राहण्यासाठी बल्बमधूनच थेंबभर करंट ओढतात. पाच वॅटचा एलईडी मग बंद केल्यावरही मिणमिणतो आणि दिव्याशी समांतर एक कपॅसिटर लावावा लागतो. वर असे झिगबी रिले बहुतेक वेळा पुढच्याचा सिग्नल पुढे ढकलत नाहीत, म्हणजे जाळ्यात त्यांचा उपयोग शून्य. मी नको म्हटलं. शेजारच्या बोर्डात टीव्हीचा प्लग होता. जिथे प्लग आहे तिथे न्यूट्रल असणारच. तिथून पाइपातून वायर ओढली, दीड तास गेला, थोडं प्लास्टर पडलं. खरेदीच्या आधी एकदा बोर्ड उघडून बघा एवढंच सांगेन, आणि मेन बंद करून.

गीझर मी आवाजाच्या बाहेर ठेवलाय. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या वर ओढतो. दहा अँपिअर लिहिलेला चिमुकला रिले बंद बोर्डात तासभर तापत राहावा हे मनाला पटत नाही. 16 अँपिअरचा चांगला प्लग मिळेपर्यंत हातानंच.

हॉलच्या पंख्याला रिले लावला. तो फक्त चालू-बंद करतो. वेग रेग्युलेटरवर, आणि रेग्युलेटर कायम तीनवर, त्यामुळे तक्रार नाही. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याचं तसं नाही. तो रिमोटवर चालतो आणि रिमोट इन्फ्रारेड असेल तरच आयआर ब्लास्टर (हबच्या सांगण्यावरून रिमोटसारखे इन्फ्रारेड इशारे सोडणारी डबी) कामाचा. ओळखायची युक्ती: फोनचा सेल्फी कॅमेरा रिमोटच्या तोंडावर धरून बटण दाबा. जांभळट चमक दिसली तर इन्फ्रारेड. एसीच्या बाबतीत ब्लास्टर बिनघोर वापरा, कारण एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला तापमान, मोड सगळं एकदम पाठवतो. एकाच बटणावर चालू आणि बंद होणारी वस्तू मात्र हबला फसवते. कुणी हातानं रिमोट दाबला की हब समजतो उलटं.

एवढं सगळं जुळवून आईला बोलावलं. तिनं ऐटीत सांगितलं, "पंखा लाव." स्पीकरनं पंखा खरेदीच्या यादीत टाकला.

स्पीकर हिंदीवर ठेवलाय, कारण मराठी त्याला येत नाही. (गूगल असिस्टंटला फोनवर 2018मध्येच मराठी आली, स्पीकरवर अजून इंग्रजी नाहीतर हिंदी.) हिंदी कानाला 'लाव' म्हणजे 'लाओ'. 'बंद कर' मात्र बिनचूक चालतं, ते दोन्हीकडे सारखंच. मी आईला म्हटलं, तू 'पंखा चालू कर' म्हण, तेही चालेल. ती म्हणाली, "अगं, मिक्सर चालू करतात. पंखा लावतात."

बरोबरच आहे. मग स्पीकरच्या रूटीनमध्येच (अमुक वाक्य ऐकलं की तमुक काम कर, अशी सोय) 'पंखा लाओ', 'लाइट लाओ' अशी वाक्यं टाकली आणि त्यांना रिले जोडले. देवघराच्या दिव्याचं नावही बदललं, कारण 'देवघर' म्हटलं की स्पीकर झारखंडच्या देवघरचं हवामान सांगायचा. आता तो 'समई' आहे आणि एकदाही चुकलेला नाही. पायवरच मराठी ओळखणारं छोटं मॉडेलही चालवून बघितलं. इंटरनेट लागत नाही, पण उत्तराला सात-आठ सेकंद. तेवढ्यात आई उठून बटण दाबून येते.

उरला बेडरूमचा पंखा. काल त्याच्या रिमोटसमोर कॅमेरा धरला, चारही बटणं दाबून बघितली. काही चमकलं नाही.