सेडोना: कॅथेड्रल रॉक चढायचा तर गाडी कुठे लावायची, पाय कुठे ठेवायचा

ॲरिझोनातल्या फिनिक्सहून आय-17 महामार्गाने उत्तरेला निघालं की साधारण दोन तासांत लाल खडकांचं गाव सेडोना येतं. 298 नंबरच्या एक्झिटला उतरून 179 चा रस्ता धरायचा. बेल रॉक आणि त्याच्या शेजारचा कोर्टहाउस ब्यूट हे लाल खडकाचे डोंगर गावाच्या आधीच दिसतात. इथवर सगळं सोपं आहे. अडतं ते पार्किंगपाशी.

ज्यावर चढायचं त्या कॅथेड्रल रॉक डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांना जागा अगदी कमी. म्हणून 2022 पासून मोफत शटल बस सुरू आहे. ती एरवी गुरुवार ते रविवार असते, सुट्ट्यांच्या हंगामात जास्त दिवस. शटल चालू असताना पायथ्याच्या पार्किंगचं फाटक बंद असतं, त्यामुळे थेट तिथे जाऊन उपयोग नाही. गाडी 179 वरच्या पार्क अँड राइडला लावायची आणि शटलने जायचं. सोल्जर पास या दुसऱ्या पायवाटेच्या पार्किंगचीही हीच गत. तिथे तर जेमतेम 14 गाड्या मावतात. स्वतःची गाडी पायथ्याशी लावायची असेल तर बऱ्याच ठिकाणी रेड रॉक पास लागतो, दिवसाचा 5 डॉलर, आठवड्याचा 15. तो काचेतून दिसेल असा ठेवावा लागतो. शटलने गेलात तर पासची गरज नाही. माझं मत विचाराल तर शटल चालू असते त्या दिवशीच जावं.

चढ जाऊन-येऊन सुमारे 2 किलोमीटरच, पण त्यात उंची सव्वादोनशे मीटर चढायची असते. सुरुवातीला साधी पायवाट, मग उघडा कातळ. तारेच्या जाळीत दगड भरलेले बुरूज ठरावीक अंतरावर उभे आहेत. एकापाशी पोहोचलं की पुढचा दिसल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. टेंपलटनची आडवी वाट ओलांडली की खडकातली खाच येते. इथे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून बाटली हातात नको, पाठीवर हवी. पाय ठेवायला खोबण्या आहेत, पण त्यांतल्या काही लांब अंतरावर आहेत. उतरताना हीच जागा जास्त अवघड: तोंड खडकाकडे करून किंवा सरळ बसून उतरावं, आणि खालून कुणी येत असेल तर आधी त्यांना वर येऊ द्यावं.

कोरड्या वालुकाश्मावर बूट छान धरतात. घसरायला होतं ते त्यावर सुटून पडलेल्या वाळूमुळे. हा खडक म्हणजे सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीची वाळूच. तिच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर आहे, म्हणून रंग लाल. भिजला की खडक निसरडा होतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी वादळी पाऊस येतो, कोरडे ओढे अचानक भरतात, आणि उघड्या कातळावर विजेपासून आडोसा नसतो. त्या दिवसांत सकाळीच खाली उतरलेलं असावं. पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. गाव 1,300 मीटर उंचीवर असूनही जून-जुलैत पारा 38 पर्यंत जातो. हिवाळ्यात उलट: रात्री पाणी गोठतं आणि सावलीतल्या कातळावर बर्फ टिकून राहतो.

मुलांकडे फिनिक्सला आलेले आई-बाबा सोबत असतील तर हा चढ त्यांच्यासाठी नाही. त्यांना चॅपल ऑफ द होली क्रॉस दाखवा. 1956 साली लाल खडकातच बांधलेलं ते प्रार्थनास्थळ आहे आणि तिथून दरी मोकळी दिसते. संध्याकाळी ओक क्रीकच्या काठी क्रेसेंट मून पिकनिक साइटला या. मावळतीचं ऊन कॅथेड्रल रॉकच्या याच बाजूवर पडतं, आणि माझ्या मते हा डोंगर वरून बघण्यापेक्षा इथूनच जास्त देखणा आहे. तिथलं शुल्क मात्र वेगळं भरावं लागतं.

मॉन्युमेंट व्हॅलीहून उन्हाळ्यात येणाऱ्यांनी घड्याळ सांभाळावं. मॉन्युमेंट व्हॅली ज्यात येते त्या नवाहो नेशनमध्ये (नवाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशात) उन्हाळी वेळ पाळतात, म्हणजे घड्याळ तासभर पुढे करतात, उरलेल्या ॲरिझोनात नाही, म्हणून सेडोनाचं घड्याळ तासभर मागे असतं.