हरिहरन आणि लेस्ली: दोन आवाजांची विस्मरणात गेलेली जोडी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील भारतीय पॉप संगीताची आठवण निघाली की अलिशा चिनॉय, दलेर मेहंदी, लकी अली ही नावे हमखास येतात आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. ज्या मॅग्नासाउंड कंपनीने १९९५ साली अलिशाचे ‘मेड इन इंडिया’ बाजारात आणले, त्याच कंपनीने पुढच्या वर्षी ‘कलोनिअल कझिन्स’ या नावाची एक कॅसेट काढली होती. हरिहरन आणि लेस्ली लुईस या दोघांची ही जोडी. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना आज हे नाव सांगावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या सबंध काळात इतके विचारपूर्वक केलेले दुसरे काम मी ऐकलेले नाही.

दोघेही मुंबईचे, परंतु त्यांचे संगीत दोन वेगळ्या घरांतून आलेले होते. हरिहरन यांचे आईवडील कर्नाटक संगीतातील गायक. स्वतः हरिहरन यांनी मात्र उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे हिंदुस्थानी गायकीची तालीम घेतली. संगीतकार जयदेव यांनी १९७८ च्या ‘गमन’ या हिंदी चित्रपटात त्यांना पार्श्वगायनाची संधी दिली आणि पुढे गझल हे त्यांचे मुख्य क्षेत्र ठरले. लेस्ली हे हिंदी चित्रपटांतील नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचे चिरंजीव. हातात गिटार, कान पाश्चात्त्य संगीतावर पोसलेला आणि जाहिरातींच्या जिंगल्स रचण्याचा दांडगा अनुभव. जिंगलच्या कामात काही सेकंदांत सूर कानात बसवावा लागतो, तर गझल गायकाला एका ओळीवर निवांत थांबायचे असते. या दोन सवयी एकत्र आल्या, म्हणून त्यांच्या गाण्यांत पसारा नाही आणि घाईही नाही.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात. त्या वर्षांत गावात दूरदर्शनखेरीज काही दिसत नसे आणि संगीताच्या वाहिन्या पाहायच्या तर तालुक्याच्या ठिकाणी कुणा नातेवाइकाकडे केबल असावी लागे. मीही या संग्रहातले ‘कृष्णा’ हे गाणे तिथेच प्रथम पाहिले, आणि नंतर यवतमाळच्या एका दुकानातून कॅसेट आणली. लाईन गेली की टेप सेलवर चालवायचा आणि सेल उतरू लागले की हरिहरन यांचा आवाज खाली बसत जायचा. तरीही आम्ही तो बंद करत नसू. वेचणीच्या दिवसांत घरात कापसाची गंजी असे आणि त्या कापसावर बसूनच आम्ही भावंडांनी ही कॅसेट पाठ केली. इंग्रजी ओळी आम्हाला सगळ्या समजत होत्या असे नाही, पण चालीचे वळण चुकत नव्हते.

‘कृष्णा’ या गाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. त्याचा गाभा म्हणजे ‘कृष्णा नी बेगने बारो’ हे व्यासतीर्थ यांचे कन्नड पद. व्यासतीर्थ हे विजयनगरच्या कृष्णदेवरायांच्या काळातील माध्व संप्रदायाचे आचार्य. पुरंदरदासांचे ते गुरू मानले जातात. कृष्णा, तू लवकर ये, अशी ही विनवणी आहे, आणि ज्याने आईला आपल्या मुखात सारे जग दाखवले, त्या उडुपीच्या कृष्णापाशी ते पद संपते. यमुनाकल्याणी रागातील हे पद दक्षिणेत मैफलींत गायले जाते आणि नृत्यातही त्याला मोठे स्थान आहे. भरतनाट्यम नर्तकी बालसरस्वती यांनी त्यावर केलेला अभिनय सत्यजित राय यांच्या माहितीपटात पाहायला मिळतो. अशा पदाला गिटार जोडायची म्हणजे ते बिघडण्याचीच शक्यता अधिक. या जोडीने पदाची चाल मोडली नाही, तिच्यावर ढोलांचा मारा केला नाही. लेस्ली यांनी इंग्रजी कडवी स्वतंत्रपणे, आपल्याच साध्या, किंचित खरखरीत आवाजात गायली आणि हरिहरन यांनी कन्नड ओळी त्यांच्या मूळ डौलातच ठेवल्या. दोघांपैकी कोणीही दुसऱ्यासारखे गाण्याचा प्रयत्न करत नाही, हेच मला या गाण्याचे मोठेपण वाटते. पुढे ‘फ्यूजन’ या नावाखाली जे पुष्कळ काही आले, त्यात सहसा एक बाजू दुसरीची सजावट होऊन बसते. येथे तसे होत नाही.

इंग्रजी कडव्यांचा आशय असा की भाऊ भावाशी लढतो आहे, माणूस माणसाला मारतो आहे, तेव्हा तू येशू होऊन ये, राम होऊन ये, अल्ला होऊन ये, कोणत्याही रूपाने ये. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींना तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती आणि त्या शहरात राहणाऱ्या, भिन्न धर्मांत जन्मलेल्या दोन कलावंतांनी हे गावे याला निश्चितच अर्थ होता. मात्र आमच्या गावात या ओळींचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. वऱ्हाडातील कितीतरी गावांप्रमाणे आमच्याकडेही सायंकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होत असे. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ‘हर देश में तू, हर वेश में तू’ हे पद लहानपणापासून आमच्या कानांवर होते. देवाची नावे अनेक असली तरी तो एकच आहे, हे त्यातून आम्ही शिकलो होतो. प्रार्थनेत खंजिरी वाजवणाऱ्या आमच्या शेजारच्या आबाजींना मी एकदा ‘कृष्णा’ ऐकवले आणि इंग्रजी ओळींचा अर्थ सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, “हे तं आपल्या महाराजांचंच सांगनं हाय ना रे, भाषा तेवढी येगळी.” या संगीताविषयी इतके नेमके बोलणे मला नंतर कोठेही वाचायला मिळाले नाही.

त्यांची उपेक्षा झाली असे म्हणताना हेही नोंदवले पाहिजे की आरंभी त्यांचे कौतुक झाले होते. एमटीव्हीचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्यांना मिळाला, आणि ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या, विजेच्या वाद्यांचा गाजावाजा न करता गाणी सादर करण्याच्या कार्यक्रमात गाणारे ते पहिले भारतीय कलावंत ठरले. तरीही हे कौतुक टिकले नाही, याचे कारण माझ्या मते असे आहे की त्यांना ठेवायला कोणाकडे कप्पाच नव्हता. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना गिटार खटकली, इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना आलाप लांबले असे वाटले, आणि लग्नाच्या मांडवात नाचण्यासाठी या गाण्यांचा उपयोग नव्हता. आपल्याकडे गाणे लक्षात राहते ते चित्रपटामुळे किंवा वरातीमुळे. या दोन्ही वाटा त्यांनी घेतल्या नाहीत.

आश्चर्य याचे वाटते की हे दोघे वेगवेगळे असताना सर्वांच्या घरात पोहोचले. ‘जोगवा’मधील ‘जीव रंगला’ आमच्या भागात कोणत्या लग्नात वाजले नसेल? त्या गाण्यासाठी हरिहरन यांना २००८ सालचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळा-महाविद्यालयांच्या निरोप समारंभात के. के. यांचे ‘पल’ आजही ऐकू येते. १९९९ सालच्या त्या संग्रहाचे संगीत लेस्ली यांचे. आशा भोसले यांच्या ‘जानम समझा करो’मागेही तेच होते. ही गाणी तोंडपाठ असणाऱ्या माझ्या पुतण्यांना या दोघांनी कधी एकत्र गायले होते याचा पत्ताही नाही.

‘कलोनिअल कझिन्स’नंतर १९९८ मध्ये ‘द वे वी डू इट’ आणि २००१ मध्ये ‘आत्मा’ हे संग्रह आले. २००९ मध्ये त्यांनी ‘मोधी विळैयाडू’ या तमिळ चित्रपटाला संगीत दिले आणि २०१२ मध्ये ‘वन्स मोअर’ घेऊन ते परतले. पहिल्या संग्रहाची उंची पुढे पुन्हा गाठली गेली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांना आज नव्याने ऐकायचे असेल, त्यांनी ‘कृष्णा’ऐवजी आधी ‘सा नी धा पा’ ऐकावे, कारण सरगम आणि गिटार यांचा मेळ तिथे सर्वांत मोकळेपणाने ऐकू येतो. त्यानंतर ‘कृष्णा’ अनप्लग्डच्या रूपात ऐकावे आणि शक्यतो मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, कारण लेस्ली यांच्या गिटारीचे खालचे सूर त्यात हरवतात.