बोट ट्रेलरवर नीट टेकलीय का, एकदा खाली वाकून बघा

बोट घेताना लोक इंजिन बघतात, सीट बघतात, रंग बघतात आणि ट्रेलर मात्र सोबत जो मिळेल तो. मला हे खरंच पटत नाही. कारण हौशी माणसाची बोट वर्षातले बरेचसे दिवस पाण्यात नसतेच, ट्रेलरवर उभी असते. पाण्यात असताना पाणी तिला सगळ्या तळाला सारखं उचलून धरतं, पण ट्रेलरवर तेच सगळं वजन दोन-चार लाकडी बंकवर (बोट टेकवायच्या लांब फळ्यांवर) नाहीतर थोड्याशा रोलर्सवर येतं, आणि रस्त्यात खड्डा आला की त्या क्षणाला त्याच जागांवर कितीतरी जास्त जोर बसतो.

सगळ्यात आधी मागची बाजू बघा. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, तिथपर्यंत बंक पोचलाच पाहिजे, थोडासा बाहेर आला तरी चालेल पण कमी पडता कामा नये. आउटबोर्ड इंजिनचं सगळं वजन त्या ट्रान्समवरच लटकलेलं असतं ना, मग बंक वीतभर आधी संपला की तो मागचा भाग अधांतरी राहतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू खाली झुकतो. तळाला मागच्या बाजूला आत वळलेला बाक येतो, त्याला हुक म्हणतात. मग वेग घेतला की बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली दाबून चालते, टॉप स्पीड कमी होतो, आणि मालक बिचारा प्रॉपेलर बदलत बसतो. शंका असेल तर एक सरळ पट्टी तळाला मागच्या भागात लांबीच्या दिशेने लावून बघा, मधे फट दिसली की समजा.

दुसरं, बंक नुसते लांब असून भागत नाही, पूर्ण लांबीभर टेकलेले हवेत. बोट चढवल्यावर खाली वाकून कागद सरकवून बघा, कुठे सहज आत जातो ते कळेल. शक्यतो बंक आतल्या स्ट्रिंगरच्या, म्हणजे तळाला लांबीने बसवलेल्या आधाराच्या पट्ट्यांच्या, खाली यावेत, तिथे तळ मजबूत असतो, दोन स्ट्रिंगरच्या मधल्या पातळ भागावर सगळा भार नको. कील, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणारा कणा, त्याच्याखाली रोलर असतील तर वजन कीलनेही घ्यायला हवं, आणि एखादाच रोलर सगळा भार उचलत असेल तर तिथे हमखास खळगा पडतो. अ‍ॅल्युमिनियमची बोट असेल तर अजून एक गोष्ट, तांबं असलेल्या औषधाने प्रक्रिया केलेलं लाकूड बंकला नको, ओलं राहिलं की अ‍ॅल्युमिनियम खातं.

आता जुळवणीचा क्रम, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतात त्या जागी, येणारं वजन बोट आणि ट्रेलर मिळून जे होईल त्याच्या साधारण 5 ते 10 टक्के हवं, म्हणजे एकूण 1000 किलो असेल तर 50 ते 100 किलो. कमी पडलं की ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलायला लागतो आणि ते फार धोक्याचं आहे. पण ते जमवायला बोटच पुढे-मागे सरकवू नका, नाहीतर ट्रान्सम परत बंकवरून सुटेल! आधी ट्रान्सम बंकशी जुळवा, मग विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब असा सरकवा की नाळ पुढच्या रोलरला घट्ट टेकेल, आणि तरीही वजन जमत नसेल तर चाकांचा अ‍ॅक्सल पुढे-मागे करून घ्या (बऱ्याच ट्रेलरना तशी सोय असते, नसेल तर मेकॅनिककडे जा). हिचवरचं वजन मोजताना जमीन सपाट हवी, चाकांना ठोकळे लावलेले हवेत, आणि हिचची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच ठेवायची.

वजनाचा हिशोब करताना ब्रोशरमधला आकडा धरू नका, त्यात बहुतेक वेळा इंधन, बॅटरी, नांगर, सामान यातलं काहीच नसतं आणि कधीकधी तर इंजिनही नसतं. 100 लिटर पेट्रोलच 75 किलोच्या आसपास जातं. ट्रेलरच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल वजनात ट्रेलरचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, ते वजा करा आणि वर थोडी जागा शिल्लक ठेवा.

आणि विंचचा पट्टा हा बोट बांधायचा पट्टा नव्हे हो. पुढे नाळेला वेगळी सेफ्टी चेन, मागे ट्रान्समला दोन पट्टे, हे लावल्याशिवाय गाडी हलवू नका. बंकचे बोल्ट नव्याने सेट केले असतील तर थोडे किलोमीटर गेल्यावर थांबून परत आवळा, लाकूड दबतं आणि ते सैल होतात.